बिऱ्हाड सोडताना

नवे घर घेणाऱ्या माणसाचे अभिनंदन करणारे पुष्कळ भेटतात. परंतु जुने बिऱ्हाड मुदतीपूर्वी कसे सोडावे, हे सांगणारा सहसा कोणी भेटत नाही. गृहप्रवेशाचा मुहूर्त गुरुजी काढून देतात, कर्जाचा हप्ता बँक ठरवून देते. विसरला जातो तो भाड्याच्या घराचा करार. आणि ऐन आनंदाच्या दिवसांत घरमालकाशी खटका उडतो, तो बहुधा त्याच कागदावरून.

समजा, नाशिकमध्ये इंदिरानगरात एक गृहस्थ भाड्याने राहत आहेत. करार ११ महिन्यांचा, भाडे दरमहा १५,००० रुपये, अनामत ४५,०००. सातवा महिना संपत असता पाथर्डी फाट्याकडे घेतलेल्या त्यांच्या सदनिकेचा ताबा मिळतो. त्या दिवसापासून कर्जाचा हप्ता एकीकडे आणि भाडे दुसरीकडे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो, अशी म्हण आहे. येथे तर गृहस्थ दोन्ही घरचे यजमान होऊन बसतात. नवे घर घेणे लांबवावे, तर तेही सर्वस्वी त्यांच्या हाती नसते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून २ महिन्यांच्या आत ग्राहकाने ताबा घ्यावा, अशी अपेक्षा आहे. मग ते घरमालकाकडे जातात, आणि घरमालक म्हणतात, “उरलेल्या ४ महिन्यांचे ६०,००० द्या. अनामत धरून वर १५,००० तुम्हीच देणे लागता!” हे कितपत न्याय्य?

या प्रश्नाचे मूळ थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शहरांत घरांची टंचाई झाली आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस मोठे संरक्षण दिले. त्या काळी तंटा असे तो भाडेकरू निघत नाही याचा. इतका की, भाडेकरूने स्वतःचे सोयीस्कर घर बांधले किंवा मिळविले, तर त्या कारणावरून जुन्या जागेचा ताबा मागण्याची मुभा कायद्याने मालकास मुद्दाम दिली होती. कारण माणसे स्वतःचे घर झाल्यावरही जुनी खोली सोडीत नसत! यावर उपाय म्हणून मालकवर्ग ‘लीव्ह अँड लायसन्स’कडे, म्हणजे जागेवर हक्क न देता केवळ वापराची परवानगी देण्याकडे, वळला. १९७३ मध्ये तेव्हाच्या परवानगीदारांनाही कायद्याने संरक्षण दिले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. मुदत संपूनही जो परवानगीदार निघणार नाही, त्याला काढण्याची वाट त्यात आखून दिली आहे आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही सांगितली आहे.

थोडक्यात, कायद्याची सारी चिंता न निघणाऱ्या माणसाविषयी राहिली. जो आपण होऊन लवकर निघू इच्छितो, त्या परवानगीदाराने किती दिवसांची सूचना द्यावी, हे या कायद्यात सांगितलेले नाही. साध्या महिनेवारी भाड्याला, वेगळा करार नसेल तर, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने १५ दिवसांची सूचना पुरते. पण ठराविक मुदतीचा करार केला, की दोघांनी सही केलेले शब्द हाच त्यांचा कायदा होतो.

म्हणून कराराकडे पाहण्याची वेळ घर सोडताना नव्हे, तर घेताना असते. महाराष्ट्रात असा करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ११ महिन्यांची प्रथा पडली ती एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी लागते म्हणून. आपल्या राज्यात आता ते कारण उरलेले नाही, प्रथा मात्र उरली आहे. ज्याचे घर बांधून होत आहे, त्याने करारात दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. एक, किती महिने सोडताच येणार नाही. व्यवहारात यालाच ‘लॉक-इन’ म्हणतात. दुसरी, त्यानंतर किती दिवसांची सूचना पुरेल. केवळ मालकासच सूचनेचा अधिकार असेल, तर तोच आपल्यालाही मागून घ्यावा. सहीपूर्वी हे मागण्यात संकोच नसावा. सहीनंतर ती याचना होते.

आता त्या ६०,००० रुपयांकडे येऊ. करारात महिन्याच्या सूचनेची अट असेल, तर एका महिन्याचे भाडे देऊन गृहस्थ मोकळे होतात. वाद उरत नाही. अट नसेल, तर १८७२ च्या कराराच्या कायद्यातील तत्त्व ध्यानी घ्यावे. करारभंगाची भरपाई झालेल्या नुकसानीपुरती असते. आणि ते नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाती होते, तेही हिशेबात धरले जातात. करारात दंडाची रक्कम लिहिली असली, तरी ती कमाल मर्यादा होय. तिच्या आत वाजवी तेवढेच मिळते. महिन्याभरात नवा भाडेकरू आला, तर मालकाचे नुकसान एका महिन्याचे, फार तर दलालीचे. तथापि न्यायालये प्रत्येक करारातील शब्द पाहूनच निर्णय देतात. तेव्हा लॉक-इनचा काळ शिल्लक असेल, तर वकिलास कागद दाखविल्यावाचून पाऊल उचलू नये.

मात्र कोर्टाच्या पायरीपेक्षा घरमालकाची पायरी जवळची असते. ताबा हाती येण्याचा अंदाज येताच त्यांना तोंडी सांगावे. लेखी सूचना मात्र भोगवटा प्रमाणपत्र व ताबापत्र पाहिल्यावरच द्यावी आणि तिची पोच घ्यावी. कारण सूचनेवर विसंबून मालक दुसऱ्यास शब्द देतात. मग बिल्डरची तारीख पुढे गेली, तर गृहस्थ दोन्ही घरांना मुकतात. होतकरू भाडेकरूंना जागा पाहू द्यावी. शक्य तर एखादे ओळखीचे कुटुंब सुचवावे. मालकाची जागा रिकामी न राहिली, तर तंट्याचे कारणच संपते.

निघण्याच्या दिवशी विजेच्या मीटरचा आकडा लिहून घ्यावा, महावितरणचे बिल व सोसायटीची देणी चुकती करावीत, भिंती-नळांची छायाचित्रे काढावीत. किल्ल्या आणि अनामत यांची देवघेव एकाच बैठकीत व्हावी. करार संपला व काही येणे-देणे उरले नाही, असा दोघांच्या सह्यांचा लेख करावा. वापराने भिंतीचा रंग उतरला, तर त्याला नासधूस म्हणत नाहीत. पण फुटलेली काच भाडेकरूने बदलून द्यावी, हे सरळ आहे.

नवे घर कर्जाने का होईना आपले होते. जुने कधीच आपले नव्हते. तरी मुलांची शाळा, आजारपणे, सणवार त्याच भिंतींनी पाहिलेले असतात. उद्या तेच गृहस्थ आपली सदनिका भाड्याने देतील, तेव्हा समोरच्या खुर्चीत कोणी दुसरा बसलेला असेल. त्याच्याकडून जी सचोटी अपेक्षावी, ती आज आपण दाखविली, म्हणजे नव्या घराच्या उंबरठ्यावर पाऊल हलक्या मनाने पडते.