गाडी खचलीय की फरशी?

आजचा भाग कोडिंगचा नाही, आमच्या घरच्या नऊ वर्षं जुन्या हॅचबॅकचा आहे.

झालं असं, की गाडी डावीकडे ओढत होती. दोनदा अलाइनमेंट केली, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. गॅरेजवाला म्हणाला, "पुढचे दोन्ही शॉकअप गेले, बारा हजार होतील." बाबा पैसे द्यायला तयार. मला मात्र गाडी समोरून बघताना डावीकडे जरा बसल्यासारखी वाटत होती. बाबा म्हणाले, "काही नाही रे, पार्किंगची फरशी खचलीय."

म्हटलं, वाद नको, मोजू या.

आता मोजायचं काय? ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्स इथे कामाचा नाही, कारण जमिनीपासून मोजलं की टायरची झीज आणि हवासुद्धा त्या आकड्यात येते. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. म्हणजे फक्त सस्पेन्शन किती बसलंय ते कळतं. कंपनीचा आकडा मालकाला मिळणाऱ्या पुस्तकात सहसा नसतो, वर्कशॉप मॅन्युअलमध्ये शोधावा लागतो. आमच्या गाडीला पुढे ३७२ मिलिमीटर, दहा कमी-जास्त चालतं. आणि कंपनी कोणत्या अवस्थेत मोजते तेही तिथेच लिहिलेलं असतं. आमच्यासाठी टाकी फुल, डिकी रिकामी, आत कुणी नाही.

पहिलं माप मी घेतलं तेव्हा डिकीत पाण्याचे दोन कॅन होते आणि बाबा स्टिअरिंगवर बसून सूचना देत होते. ते माप रद्द. (टेस्ट एन्व्हायर्नमेंट चुकीचं, दुसरं काय!)

मग दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरली. गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून हलवली, थोडी पुढे-मागे ढकलली. हे विसरू नका. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी तर उंचच राहते, चाकं फिरल्याशिवाय स्प्रिंग आपल्या जागी बसत नाही.

डावीकडे ३४८, उजवीकडे ३७२. चोवीस मिलिमीटरचा फरक!

बाबा म्हणाले, "फरशी." आता हे कसं खोडायचं? गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणली, पाणी भरून चारही चाकांखालची पातळी पाहिली. आणि काय सांगू, उजव्या पुढच्या चाकाखाली खरंच खड्डा! चाक खाली लोंबलं की तिथलं माप वाढतं. प्लायवूडचे तुकडे घालून जागा सपाट केली. परत मोजलं, तर ३५० आणि ३६९. म्हणजे पाच मिलिमीटरपुरते बाबा बरोबर होते. हे ते अजून सगळ्यांना सांगतात.

पण उरलेल्या एकोणीसचं काय? उजवी बाजू कंपनीच्या हद्दीत, डावी बारा मिलिमीटर बाहेर. आणि इथेच गॅरेजवाल्याचं गणित मला पटेना. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम उसळी थांबवायचं. तो गेला तर गाडी नाचेल, एका बाजूला इतकी बसणार नाही.

दुसऱ्या गॅरेजमध्ये चाक काढायला लावलं. डाव्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटलेला होता, आणि तुटलेलं टोक टायरच्या आतल्या बाजूपासून बोटभर अंतरावर. त्याच आठवड्यात आजीला घेऊन कोल्हापूरला निघणार होतो. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "नळी कुठून आणलीस?"

स्प्रिंगा जोडीनेच बदलल्या, एक जुनी एक नवी ठेवत नाहीत. परत मोजलं: ३७३ आणि ३७५. अलाइनमेंट त्यानंतर केली. उंची चुकलेली असताना केलेली अलाइनमेंट टिकली नाही यात नवल नव्हतं, कारण उंचीबरोबर चाकाचा कोनही बदलतो.

तुमची गाडी मोजलीत तर आकडे नक्की पाठवा. चारही चाकांचे, आणि डिकी रिकामी करून! भेटू पुढच्या भागात.