ज्या बाईसाठी गाणं लिहिलं



आज एका माहितीपटाविषयी बोलायचं आहे. पण सुरुवात एका कबुलीनं करतो. २००५ साली ‘वॉक द लाइन’ नावाचा हॉलिवूडचा चित्रपट आला होता. अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा मोठा गायक जॉनी कॅश आणि गायिका जून कार्टर यांच्या प्रेमाची ती कहाणी. मी डीव्हीडी आणून तो पाहिला आणि भारावून गेलो. त्यात जॉनीची पहिली बायकोही आहे. सतत कुरकुरणारी, नवऱ्याच्या गाण्याचं मोल न कळणारी. ही बाई एकदाची बाजूला होते कधी आणि जॉनी-जून एकत्र येतात कधी, असं मला झालं होतं. जूनचं काम करणाऱ्या रीस विदरस्पूनला ऑस्कर मिळालं तेव्हा मला आनंदच झाला. पहिल्या बायकोचं नाव मात्र माझ्या लक्षातही राहिलं नाही.

तिचं नाव व्हिव्हियन लिबर्टो. तिच्यावरचा ‘माय डार्लिंग व्हिव्हियन’ हा माहितीपट २०२० साली आला. ऑस्टिनच्या महोत्सवात तो दाखवला जायचा होता, पण कोविडमुळे महोत्सवच रद्द झाला आणि लोकांनी तो घरी बसून पाहिला. मीही तसाच पाहिला. दिग्दर्शक आहे मॅट रिडलहूवर आणि निर्माता डस्टिन टिटल. हा डस्टिन व्हिव्हियनचा नातू. जॉनी आणि व्हिव्हियनच्या चार मुली, रोझॅन, कॅथी, सिंडी आणि तारा, कॅमेऱ्यासमोर बसून आईविषयी बोलतात. मध्ये मध्ये जुने फोटो, पत्रं आणि घरी काढलेल्या फिल्मचे तुकडे येतात. एवढाच काय तो मसाला.

गोष्ट सुरू होते १९५१ साली, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ गावी. व्हिव्हियन सतरा वर्षांची, इटालियन वंशाच्या कॅथलिक घरातली. स्केटिंगच्या रिंकवर तिची हवाई दलातल्या एका तरुणाशी ओळख झाली. तीनेक आठवड्यांत त्याची बदली जर्मनीत झाली, तीही तीन वर्षांसाठी. त्या काळात दोघांनी एकमेकांना शेकडो पत्रं लिहिली. १९५४ साली तो परत आला आणि लगेच लग्न झालं. तेव्हा जॉनी कॅश हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मेम्फिसमध्ये तो दारोदार फिरून घरगुती उपकरणं विकत असे.

मग रेकॉर्ड निघाल्या, दौरे सुरू झाले. १९५६ साली त्यानं ‘आय वॉक द लाइन’ हे गाणं केलं. घरापासून दूर असलेल्या नवऱ्यानं बायकोला दिलेलं एकनिष्ठेचं वचन म्हणजे ते गाणं. ते व्हिव्हियनसाठी होतं. पन्नास वर्षांनी त्याच गाण्याचं नाव घेऊन चित्रपट निघाला आणि त्यात ती आडवी येणारी बाई ठरली.

१९६१ साली कॅशनं कॅलिफोर्नियात कॅसिटास स्प्रिंग्ज इथे टेकडीवर घर बांधलं. त्याच वर्षी धाकटी तारा जन्मली. सहा वर्षांत चार मुली, आणि नवरा बहुतेक वेळ दौऱ्यावर. टेकडीवर साप निघत, चाहते थेट दारापर्यंत येत. नवरा घरी आला तरी गोळ्यांच्या अमलाखाली असे. माहितीपटातला हा भाग चालू असताना माझी पत्नी शेजारी बसली होती. ती म्हणाली, “तू म्हणायचास ना, ही बाई कुरकुर करते म्हणून? चार पोरींचं जेवणखाण, आजारपण कोण बघत होतं तिथे?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

सगळ्यात अंगावर येतो तो १९६५ सालचा प्रसंग. मेक्सिकोहून परतताना कॅशला एल पासो इथे पकडलं. गिटारच्या पेटीत हजारावर गोळ्या सापडल्या. कोर्टाच्या वेळी व्हिव्हियन त्याच्या पाठीशी उभी राहिली. दोघांचा फोटो वर्तमानपत्रांत छापून आला. त्यात तिचा चेहरा सावळा दिसत होता. झालं! गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या ‘थंडरबोल्ट’ या पत्रानं जाहीर केलं, की जॉनी कॅशची बायको कृष्णवर्णीय आहे. त्या काळी अमेरिकेच्या अनेक राज्यांत असं लग्न हा गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयानं ते कायदे रद्द केले १९६७ साली. धमक्या आल्या, दक्षिणेत कॅशच्या कार्यक्रमांवर बहिष्काराची हाक दिली गेली. मग कॅशच्या माणसांनी ती गोरीच असल्याचे दाखले गोळा केले. नवऱ्याची पाठराखण करायला गेलेल्या बाईवर स्वतःचा वंश सिद्ध करण्याची पाळी आली.

यापुढची गोष्ट माहितीपटात नाही, ती त्यानंतरची आहे. २०२१ साली वंशशोधाच्या एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात रोझॅनला कळलं, की आईच्या मातुल घराण्यात सारा शील्ड्स नावाची मिश्र वंशाची, गुलामगिरीत जन्मलेली स्त्री होती. तिला आणि तिच्या आठ भावंडांना त्यांच्या गोऱ्या बापानंच १८४८ साली मुक्त केलं होतं. व्हिव्हियनला हे बहुधा माहीतही नसावं. आणि माहीत असतं, तरी त्या धमक्या काही कमी हीन ठरल्या नसत्या.

१९६६ साली तिनं घटस्फोटासाठी अर्ज केला. कॅशनं १९६८ साली जूनशी लग्न केलं. व्हिव्हियनचंही त्याच वर्षी दुसरं लग्न झालं. पुढे जॉनी-जूनची जोडी इतकी लाडकी झाली, की या मुलींनाही जूननंच वाढवलं असं लोकांना वाटू लागलं. मुली शांतपणे सांगतात, आम्हाला वाढवलं आमच्या आईनं.

मला हा माहितीपट आवडला तो आणखी एका कारणानं. आईची बाजू मांडताना मुली बापाला खलनायक करत नाहीत. त्यांचं त्याच्यावरही प्रेम आहे. आई हळवी होती, घाबरट होती, तिचे दोष होते, हेही त्या लपवत नाहीत. एकच प्रसंग दोघी बहिणी वेगवेगळा सांगतात आणि दिग्दर्शक दोन्ही तसेच ठेवतो. कुठल्याही घरात चार भावंडं बसली की असंच होतं की!

जून २००३च्या मे महिन्यात गेली. त्यानंतर व्हिव्हियन कॅशला भेटली आणि आपण आठवणी लिहिणार असल्याचं तिनं सांगितलं. त्यानं संमती दिली. त्याच सप्टेंबरमध्ये तोही गेला. व्हिव्हियनचं निधन झालं २४ मे २००५ रोजी, थोरल्या रोझॅनच्या पन्नासाव्या वाढदिवशी. तो गाजलेला चित्रपट आला नोव्हेंबरमध्ये आणि तिचं पुस्तक २००७ साली. पडद्यावरची आपली प्रतिमा तिला पाहावी लागली नाही. आणि आपलं पुस्तकही तिला हातात घेता आलं नाही.

ते गाणं मी अजूनही ऐकतो. कॅशचा तो धीरगंभीर आवाज मला आजही आवडतो. पण आता ऐकताना मला टेकडीवरचं ते घर दिसतं, आणि वचन देणारा दौऱ्यावर असताना दाराशी उभी असलेली ती बाई. तिचं नाव मी पुन्हा विसरणार नाही.