मदत कधी मागायची?



मलिकपेठ किंवा पाकणीच्या आसपास गाडी मध्येच उभी राहिली, की डब्यात दोन मतं ठरलेली असतात. एक म्हणतो, 'क्रॉसिंग असेल.' दुसरा म्हणतो, 'इंजिन बिघडलं असेल.' दुहेरी मार्ग झाल्यापासून पहिल्या मताचा जोर ओसरला आहे. दुसऱ्या मताबद्दल आज बोलू. इंजिन खरंच बिघडतं तेव्हा पुढे बसलेली दोन माणसं, लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट, नेमकं काय करतात?

दुरुस्ती करत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. दुरुस्ती शेडमध्ये होते. वाटेत त्यांना एवढंच ठरवायचं असतं, की बिघडलेला भाग बाजूला काढून उरलेल्या इंजिनावर गाडी कुठपर्यंत नेता येईल, आणि नेता येणार नसेल तर तसं केव्हा कबूल करायचं.

आपल्या सोलापूर विभागात विजेची तार आली ती अलीकडच्या काळात. तोवर डिझेलचं राज्य होतं. विजेचं इंजिन तारेतून 25 हजार व्होल्टचा करंट पेंटोग्राफनं, म्हणजे छतावरून तारेला टेकणाऱ्या सांगाड्यानं, घेतं. तो करंट छतावरच्या मुख्य ब्रेकरमधून ट्रान्सफॉर्मरकडे जातो. या ब्रेकरला ड्रायव्हर मंडळी 'डीजे' म्हणतात. मिरवणुकीतला नव्हे; हा बंद पडला की उलट शांतता होते. कुठेही गडबड झाली की डीजे पडतो, ब्लोअरची घरघर उतरत जाते आणि समोर लाल दिवा लागतो. डब्यांना इंजिनातूनच वीज मिळत असेल तर मागे एसीही बंद होतो. प्रवाशांची कुरकुर तिथूनच सुरू होते.

अशा वेळी सरावलेला ड्रायव्हर आधी ब्रेककडे हात नेत नाही, व्होल्टमीटरचा काटा बघतो. काटा शून्यावर असेल तर वर तारेतच करंट नाही. इंजिन निर्दोष आहे, चौकशी कंट्रोलकडे, म्हणजे नियंत्रण कक्षाकडे करायची. काटा पंचवीसच्या आसपास असेल तर दुखणं इंजिनाच्या पोटात आहे. या एका नजरेत अर्धा तपास होतो. छतावर ठिणग्या दिसल्या किंवा तार हेलकावताना दिसली, तर मात्र काट्याची वाट बघायची नाही. पेंटोग्राफ ताबडतोब खाली घ्यायचा, नाहीतर तो तारेत अडकून पुढची तारही ओरबाडत नेतो.

दरम्यान गाडी धावतेच आहे. ताशी शंभरच्या पुढे असलेली गाडी इंजिन मेलं म्हणून जागच्या जागी थांबत नाही, सपाटीवर काही किलोमीटर घरंगळत जाते. हा वेग म्हणजे हातातली शिल्लक. दोन स्टेशनांच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा पुढच्या स्टेशनात, जमलं तर लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या मार्गावर पोचलेलं केव्हाही बरं, कारण मग मागच्या गाड्यांना वाट मिळते. म्हणून ड्रायव्हर सिग्नलवरची नजर हलवत नाही आणि असिस्टंट टॉर्च घेऊन मशीन रूममध्ये शिरतो. एक डोळा हवेच्या दाबावरही ठेवावा लागतो. ब्रेक हवेवर चालतात, हवा कॉम्प्रेसर भरतो आणि कॉम्प्रेसर विजेवर चालतो. वीज गेली की हवा नुसती खर्च होते, भर पडत नाही. सगळीच हवा संपली तर पेंटोग्राफ वर उचलायलाही हवा उरत नाही. त्यासाठी बॅटरीवरचा एक छोटा 'बेबी कॉम्प्रेसर' असतो. पण त्यावर पेंटोग्राफ उचलण्याचा प्रयोग पुन्हापुन्हा केला तर बॅटरीही बसते.

जुन्या, म्हणजे डब्ल्यूएपी-4 जातीच्या इंजिनात असिस्टंटला आत रिलेंची, म्हणजे पहारा करणाऱ्या स्विचांची रांग दिसते. काही रिले पडले की त्यांचं लाल निशाण खाली येतं. त्यातला क्यूएलएम नावाचा रिले ट्रान्सफॉर्मरकडे जादा करंट गेला की पडतो. तो पडलेला दिसला तर कुठे तेल उडालंय का, धूर आहे का, जळका वास येतोय का, हे हिंडून बघायचं. सगळं ठीक असेल तर एकदाच रिसेट करायचा. पुन्हा पडला तर हात लावायचा नाही. इंजिन फेल म्हणून जाहीर करायचं. 'आणखी एकदा बघू' या मोहातून आग लागू शकते.

याच्या उलट, काही रिले स्वतःच रुसलेले असतात. तिथे पुस्तकात लिहिलेली क्लृप्ती वापरतात: रिले हातानं दाबून त्यात लाकडी पाचर लावायची. हजारो अश्वशक्तीचं इंजिन आणि त्यात बोटभर लाकूड! गाडी चालते, पण त्या रिलेचा पहारा उठलेला असतो. मग तो पहारा असिस्टंटनं करायचा, म्हणजे ठरावीक वेळानं आत जाऊन मोटारी बघून यायच्या. या सगळ्या पायऱ्या 'ट्रबल शूटिंग डायरेक्टरी'त दिलेल्या असतात. ती पाठ असणारे पुष्कळ भेटतात. अंधारात, घामाघूम होऊन, कंट्रोलचा फोन वाजत असताना तिच्यातलं योग्य पान आठवणारे त्यामानानं थोडे.

डब्ल्यूएपी-7 सारख्या नव्या इंजिनात पाचर गेली, पडदा आला. काय बिघडलं ते संगणक लिहून दाखवतो आणि तो भाग स्वतःच तोडून टाकतो. ड्रायव्हर पिवळं बटण दाबून 'कळलं' म्हणतो. सहा मोटारींपैकी एका बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या एका चाकगाड्याच्या, तीन गेल्या तरी उरलेल्या तिनांवर गाडी ओढता येते. माढा–मोहोळच्या सपाटीवर हे चालून जातं, थोडा उशीर होतो इतकंच. तोच बिघाड कर्जतला झाला तर समोर बोरघाटाचा 37 ला 1 चा चढ असतो, आणि तिथे ड्रायव्हरला दुसरं उत्तर शोधावं लागतं. पडद्याला बिघाड कळतो. पुढे सपाटी आहे की घाट, गाडी किती डब्यांची आहे, हा हिशेब अजून माणसाकडेच आहे.

आता माझ्या मते सगळ्यात अवघड गोष्ट. मदतीचं इंजिन मागायचं कधी? लवकर मागितलं आणि पाच मिनिटांत बिघाड सुटला, तर हसू होतं. शिवाय लेखी खुलासा. उशिरा मागितलं तर मागे गाड्यांची रांग लागते. आणि एकदा मदत मागितली की इंजिन सुरू झालं तरी परवानगीशिवाय गाडी इंचभर हलवता येत नाही, कारण मदतीचं इंजिन त्याच सेक्शनमध्ये, तुम्ही जागेवर उभे आहात या भरवशावर येत असतं. टीएलसी, म्हणजे कंट्रोलमधला लोकोचा जाणकार, फोनवर सल्ला देतो. पण इंजिन दिसतं ते ड्रायव्हरलाच. लाजेपोटी उशीर करणारा ड्रायव्हर मला लवकर हात वर करणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

गाडी अवचित उभी राहिली की आणखी एक काम. इंजिनावरचा फ्लॅशर लावायचा आणि शेजारच्या रुळावर काही आडवं पडलंय का ते बघायचं. तो रूळ अडला असेल तर 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर तीन इशाऱ्याचे फटाके रुळावर लावायला धावायचं. आणि नेमकं तेव्हाच आपले लोक डब्यातून उतरून त्या शेजारच्या रुळावर मोबाइल घेऊन उभे असतात!

वंदे भारतमध्ये आत शिरायला मशीन रूमच नाही. सगळी यंत्रणा डब्यांच्या खाली. 10 फेब्रुवारी 2023 ला मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली ती 16 डब्यांची होती आणि त्यातले निम्मे डबे मोटारीचे. त्यामुळे डब्यांचा एखादा गट बाद झाला तरी बाकीचे गाडी नेतात. घाटात तिला मागून ढकलायला बँकर इंजिनही लागत नाही. त्याच वर्षी 13 मार्चला सोलापूरहून ही गाडी साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी मुंबईला नेली. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी नोकरीला सुरुवात केली ती जुन्या इंजिनांवर. कान, नाक आणि पडदा अशा दोन्ही काळांत काम केलेली ती पिढी.

गाडी सोलापूरला लागली, की उतरणारा ड्रायव्हर इंजिनाच्या लॉगबुकात लिहितो: कुठल्या किलोमीटरला, किती वाजता, काय पडलं, काय बाजूला काढलं. पुढचा ड्रायव्हर चढल्यावर ते पान वाचतो. पुढे शेडमध्ये त्या नोंदीवरून तपासणी होते आणि कितीदा तरी खाली शेरा पडतो, 'तपासले, दोष आढळला नाही.' तो वाचून ड्रायव्हर काय म्हणतात, ते आकाशवाणीवर सांगण्याजोगं नाही.