जमिनीवरच्या जुन्या रेघा



सरी-वरंबा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ऊस सरीत लावायचा, वांगी-मिरची वरंब्याच्या बगलेला, आणि पाणी सरीतून सोडायचं. पीक निघालं की नांगर फिरतो आणि सऱ्या मोडतात. पण जिथं नांगर पुन्हा फिरलाच नाही, तिथं काय होतं? तिथं त्या रेघा राहतात, कधी कधी हजारो वर्षं.

इंग्लंडमध्ये मध्ययुगात नांगरलेल्या कितीतरी जमिनी पुढं मेंढ्यांच्या चराईला सोडल्या गेल्या. तिथल्या कुरणांत सरी-वरंब्यासारखे चढउतार अजून दिसतात. आपल्या देशात राजस्थानातल्या कालीबंगनला १९६०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा जवळजवळ पावणेपाच हजार वर्षांपूर्वीचं नांगरलेलं शेत सापडलं. त्यात तासं दोन दिशांनी होती, एकमेकांना छेदणारी. एका बाजूनं जवळजवळ, दुसऱ्या बाजूनं लांब लांब. त्या भागात आजही अशाच तासांत हरभरा आणि मोहरी एकत्र घेतात. आपण ज्वारीत करडईच्या ओळी टाकतो, तसंच म्हणा ना.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं १९६८पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. त्यांचं मुख्य धान्य जव होतं. आणि गावाच्या कडेला पाण्याचा चर आणि दगडमातीचा बांध सापडला. म्हणजे पाणी अडवायची धडपड आपल्या भागात इतकी जुनी आहे.

पुणे शहरात शेती शोधायची तर नावांत शोधावी लागते. सिंहगड रस्त्याचा गणेश मळा, हडपसरचा हिंगणे मळा. मळा म्हणजे पाण्याखालची बागायत. तिथं आज इमारती आहेत, नाव तेवढं राहिलं. शिवाजीनगरला मात्र कृषी महाविद्यालयाच्या रानात भर शहरात अजून पीक उभं राहतं.

शहराबाहेर पडलं, मावळ-मुळशीकडं गेलं, की डोंगरउतारावर पायऱ्यांसारख्या दगडी ताली दिसतात. तिथं नाचणी-वरई व्हायची. माणसं कामाला शहरात गेली, रान पडीक पडलं, ताली गवतात राहिल्या. जिरायती गावांत मोटेच्या विहिरी आहेत. बैलांची धाव आणि थारोळं शाबूत असेल, तर थारोळ्यापासून निघालेला जुना पाट कुठं जात होता, ते अजून सापडतं.

आणि १९७२ आठवा. सुकडी आणि मिलोची भाकरी खाऊन बायाबापड्यांनी दुष्काळी कामावर माती वाहिली. बांध घातले, पाझर तलाव खोदले. तुमच्या सासूबाईंनी, आईनं घातलेला एखादा बांध तुमच्या शिवारात असेल. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नसेल, पण त्यांची मेहनत तिथं आहे.

मैत्रिणींनो, हे सगळं आता झपाट्यानं जातंय. सपाटीकरणाला जेसीबी येतो आणि जुनी ताल एका दुपारी मोडते. रान मोठं दिसतं खरं. पण उताराला अडवणारं काही राहिलं नाही, की वळवाच्या पहिल्या पावसात वरची कसदार माती ओढ्याला जाते. बांधाबरोबर शेळीचा चारा जातो, बोर-बाभळीचं सरपण जातं, घोळ-पाथरीची भाजी जाते. हे नुकसान पहिल्यांदा बाईलाच कळतं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीआधी एक शिवारफेरी करा. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उन्हात लहानसा उंचवटाही सावली टाकतो. पाऊस उघडल्यावर पाणी कुठं रेघेनं साचलंय ते बघा. थंडीत गवताची एखादी पट्टी जास्त दिवस हिरवी राहिली, तर खाली जुना पाट असू शकतो. प्रत्येक रेघ शेतीचीच असते असं नाही. डोंगरावर वनखात्याचे चरही असतात. तालीच्या वरच्या अंगाला सपाट रान लागतं. चराला नुसता खड्डा आणि खालच्या बाजूला मातीचा ढीग असतो.

बरोबर एखाद्या म्हाताऱ्या आजींना न्या. ही ताल कुणी घातली, इथं काय पिकायचं, पाणी कुठून यायचं, हे विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. आणि घरात सपाटीकरणाचा विषय निघाला, की यंत्र बोलवण्याआधी एवढं विचारा: हा बांध काढला, तर इथलं पाणी कुठं जाईल?

उत्तर मिळेपर्यंत बांध राहू द्या.