आटपाडीचे शिवार

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, सांगली जिल्ह्याच्या उत्तर अंगाला आटपाडी तालुका पसरला आहे. माण नदी ह्याच मुलखातून भीमेच्या भेटीस जाते. मात्र वर्षातील बहुतेक दिवस तिच्या पात्रातून पाण्याऐवजी मेंढरांचे कळपच वाहताना दिसतात. ज्वारी-बाजरी पिकली तर पिकली. नाही तर धनगराने पाण्याच्या मुलखाकडे मेंढरे वळवावीत आणि शेतकऱ्याने घराला कुलूप लावावे, हा येथील परिपाठ.

खिलार बैल हे ह्या कोरड्या भूमीचे खरे वैभव. पांढराशुभ्र, लांब शिंगांचा, चपळ आणि किंचित तापट! खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत ह्या जनावरांचा बाजार भरतो. जोडी विकून परतणारा माणूस वाटेत फारसा बोलत नाही.

शेताने दूर लोटलेली ही माणसे गेली तरी कोठे? शेजारच्या खानापूर तालुक्याप्रमाणे येथील तरुणही सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरले. केरळात, पंजाबात वा बंगालात सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात मराठी बोलणारा गलाईवाला भेटला, तर तो बहुधा ह्याच बाजूचा. जुने दागिने वितळवावेत, तेजाबाने हीण काढावे, शुद्ध सोने ज्याचे त्याला तोलून द्यावे. चिंचोळी खोली, भट्टीची आच, तेजाबाचा धूर. तरी यात्रेला तो हटकून गावी येतो. शेत पडीक असते. पण त्याच्या बांधावरून भाऊबंदांशी भांडावयास तो विसरत नाही!

ह्याच शिवारात १९३९ मध्ये एक विलक्षण प्रयोग झाला. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकीर्दीत, पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना भिंती नसलेल्या वसाहतीत शेती करण्यास ठेवण्यात आले. वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. तालुक्यातीलच शेटफळे येथे जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट झाला. चित्रपट देशभर पोहोचला, शिवार अज्ञातच राहिले. दैवाची थट्टा अशी, की बंदिवान येथे विश्वासावर टिकला आणि भोवतालचा स्वतंत्र माणूस पाण्यावाचून परागंदा झाला.

१९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी त्यांत अग्रभागी होते. पाणी द्या एवढीच ती मागणी नव्हती. ते सर्वांना सारखे द्या, अशी होती. पुढे कराडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून ह्या माळापर्यंत आले. डाळिंबाच्या बागांना आधार झाला. ऊसही डोकावू लागला आहे; तो सगळे पाणी पिऊन टाकील, ही जाणत्यांची धास्ती निराधार म्हणता येणार नाही.

गलाईवाल्यांपैकी काही जण परतून बाग लावतात. अनेकांची मुले मात्र परभाषांच्या शाळांत शिकली आहेत. यात्रेला ती येतात, आणि आपला बांध कोठून कोठवर, हे आजोबांना विचारून घेतात.