ब्रेकची अर्धमुक्त चकती

वेग वाढविणें सोपें. तो योग्य वेळीं आवरणें यांतच वाहनाची खरी परीक्षा असते. वसई-विरारच्या पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. पश्चिमेस अर्नाळ्यापर्यंत समुद्र पसरलेला आहे. एकीकडे अवजड मालमोटारींची रांग, दुसरीकडे खारा वारा. अशा ठिकाणीं मोटारसायकलस्वाराचे प्राण पुष्कळ अंशीं पुढच्या चाकावरील पोलादी चकतीच्या हातीं असतात.

ब्रेक दाबला कीं चकती तापते, आणि तापली कीं फुगते. 300 मिलिमीटर व्यासाची चकती 300 अंश सेल्सियसनें तापल्यास तिचा व्यास सुमारें 1 मिलिमीटरनें वाढतो. ती मध्यभागीं जखडलेली असेल, तर फुगण्यास वाट न मिळून वांकण्याचा संभव असतो. म्हणून अर्धमुक्त, म्हणजे ‘सेमी-फ्लोटिंग’, चकतीचे दोन भाग करतात : आंत ॲल्युमिनियमचा गाभा आणि बाहेर पोलादी कडें. त्यांना जोडणाऱ्या बॉबिनांपाशीं स्प्रिंग वॉशर असतात; त्यामुळें कड्यास किंचित् सरकण्याची मुभा मिळते, पण खडखडाट होत नाहीं.

चकती बसवितांना चाकावरील बैठक गंज व मळ काढून स्वच्छ करावी. चकतीवर बाण असल्यास तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेस ठेवावा. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनें, टॉर्क-पान्यानें, पुस्तिकेंतील मापापर्यंतच आंवळावे. चकतीस तेलकट हात लागूं देऊं नये. बॉबिनांना ग्रीसहि लावूं नये. तें तापून पॅडवर उतरतें व ब्रेक निसटतो.

पुढें तपासणी. कडें हातानें हालवून पाहावें. तें किंचित् हाललें, तर तो दोष नव्हे, गुण होय. मीठ व चिखल सांचून बॉबिन जखडले असतील, तर अर्धमुक्त चकतीचा लाभच नाहींसा होतो; उलट ठोके ऐकूं येण्याइतके ते सैल झाले असतील, तर बदलावे. चाक फिरवून चकतीचें डुलणें डायल गेजनें मोजावें, आणि तिच्यावर कोरलेल्या किमान आंकड्याहून ती पातळ झालेली नाहीं, हें पाहावें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या कामांत पॅड मागें सरलेले असतात आणि ब्रेकचा पहिला दाब पोकळ जातो. लिव्हर कठीण लागेपर्यंत तो वारंवार दाबल्यावांचून गाडी जागची हालवूं नये. गॅरेजांतून गाडी परत घेतांना घरांतील कर्त्या माणसानें मिस्त्रीस एवढें विचारावें : बोल्ट मापानें आंवळले काय? कडें हालतें काय? लिव्हर कठीण लागतो काय? तिन्ही उत्तरें होकारार्थी आल्यावरच मुलाच्या हातीं किल्ली द्यावी.