दिवस किती भरले?

(गावपातळीवरील स्वयंसेविकांच्या शिबिरात केलेले भाषण)



लूककृत शुभवर्तमानात अलीशिबेला सहावा महिना होता, अशी नोंद आहे. म्हणजे तिचे महिने कोणीतरी मोजत होते. आपल्या पाड्यावरच्या गरोदर बायांचे महिने मोजणे हे आपले काम आहे.

पुष्कळ बाया आठव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफीला जातात. कागदावर '32 आठवडे' असे येते आणि आपण ते पक्के धरतो. पण दिवस कधी राहिले, हे यंत्राला दिसत नाही. ते बाळाच्या डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजते. सरासरी बाळ या मापाचे कितव्या आठवड्यात असते, एवढेच ते सांगते. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळे जवळपास सारखी वाढतात, म्हणून तेव्हाचा अंदाज पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येतो. पुढे कोणी थोराड होते, कोणी लहानखुरे. 28 आठवड्यांनंतर हा अंदाज तीन-चार आठवडेही मागेपुढे होऊ शकतो.

धोका इथेच आहे. पोटातले बाळ खुरटले असेल, तर कागदावर त्याचे वय कमी दिसते. 'अजून महिना आहे' म्हणून घरचे निश्चिंत राहतात. प्रत्यक्षात दिवस भरत आलेले असतात आणि बाळ अशक्त असते.

म्हणून तीन गोष्टी करा.

पहिली, 12 आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नोंदणी करा. पाळीची तारीख आठवत नसेल तर विचारा, होळीच्या आधी की नंतर? पोळ्याला आली होती का? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा. 1 जूनला पाळी आली असेल, तर प्रसूतीची तारीख 8 मार्च.

दुसरी, सुरुवातीच्या सोनोग्राफीचा कागद जपा आणि दर तपासणीला दाखवा. पुढच्या कागदावर वेगळी तारीख आली, तरी पहिलीच धरायची.

तिसरी, पुढच्या कागदावर आठवडे मागे पडले, तर डॉक्टरांना विचारा, "बाळ नीट वाढते आहे ना?" पहिलीच सोनोग्राफी उशिरा झाली असेल, तर डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा मापे घ्यायला सांगतात, त्यावरून वाढ कळते. तेव्हा तिला नक्की घेऊन जा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते.

प्रभू तुमच्या श्रमांना यश देवो.